वाळू

खडकांची झीज होऊन तयार झालेले सुटे, खरखरीत कण. भूशास्त्रात 0.0625 ते 2 मिलिमीटर व्यासाच्या कणांना वाळू म्हणतात. त्याहून बारीक असेल तो गाळ, मोठी असेल ती खडी. ही व्याख्या फक्त आकाराची असल्याने किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा चुराही वाळूच ठरतो. मुंबई, कोकण आणि विदर्भात तिला रेती म्हणण्याचा प्रघात आहे.

जगातली बरीचशी वाळू क्वार्ट्‌झची असते, कारण बाकीची खनिजे कुजून गेली तरी क्वार्ट्‌झ टिकून राहतो. दख्खनच्या बेसॉल्टात तो जवळजवळ नसतोच. हा खडक कुजून त्याची काळी माती होते, त्यामुळे इथल्या नद्यांची वाळू गडद आणि मुळात बेताचीच. पूर्व विदर्भात ग्रॅनाइट व नाइस खडक असल्याने तिथली रेती फिकट, टणक असते. नागपूरकडे कन्हानच्या रेतीला मान आहे तो यामुळे. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या, म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्‌झ असलेल्या वाळूच्या, खाणी आहेत. अशी वाळू काच आणि ओतकामाच्या साच्यांसाठी लागते.

बांधकामात वाळू खडीमधल्या पोकळ्या भरते आणि सिमेंट आक्रसून तडे जाण्याचे प्रमाण कमी करते. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून फार बारीक व गोल झालेली असते, म्हणून ती सहसा चालत नाही. समुद्राच्या वाळूतल्या मिठाने सळया गंजतात. उरते नदीची. ती ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ओलसर वाळू फुगून कोरडीपेक्षा पाव हिश्शाने जास्त भरू शकते, तेव्हा मापात मार खायचा नसेल तर घेणाऱ्याने ओल आधी पाहावी. भट्टीवाले मात्र तापलेल्या वाळूत चणे आणि चुरमुरे फोडतात, तिथे ओलीचा प्रश्नच नाही.

पात्रातला वाळूचा थर पाणी गाळतो आणि मुरवून धरतो. उन्हाळ्यात वरून कोरड्या दिसणाऱ्या पात्रात झिरा खणला की पाणी लागते ते त्यामुळे. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तने होतात, काही नद्यांच्या पात्रांत कलिंगडे पिकतात. बेसुमार उपशाने पात्र खोल जाते, काठच्या विहिरींची पातळी उतरते आणि पुलांचे पाये उघडे पडतात. साधी वाळू कायद्याने गौण खनिज असून तिचे नियम राज्य करते. 5 हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठरवले. महाराष्ट्राने 2023 मध्ये शासकीय डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले, पण चोरटा उपसा थांबला नाही. नुसता दर बांधून तो थांबण्यासारखा नव्हताही.

बेसॉल्ट यंत्रात फोडून केलेली कृत्रिम वाळू, म्हणजेच क्रश सँड, हा आता मुख्य पर्याय आहे. 2016 च्या भारतीय मानकात (आयएस 383) तिला स्थान आहे. तिच्यात भुकटी जास्त असली तर काँक्रीटला पाणी जास्त लागते व ताकद घटते, म्हणून ती धुऊन, चाळून वापरावी लागते. काँक्रीटमध्ये ती रुळली आहे. गिलाव्याला मात्र पुष्कळ गवंडी अजून नदीचीच मागतात.