ध्वनिफायलींचे लायब्ररीद्वारे संपादन

ध्वनिफाइल उघडणे, तिचा हवा तो भाग कापणे, आवाज कमी-जास्त करणे आणि बदललेली फाइल पुन्हा साठवणे ही कामे प्रोग्रॅममधून करता यावीत म्हणून आयत्या लिहून ठेवलेल्या आज्ञासंचास ध्वनिप्रक्रियेची लायब्ररी म्हणतात. पायथन या भाषेत वेव्ह, पायडब, साउंडफाइल आणि लिब्रोसा या लायब्रऱ्या प्रचलित आहेत.

लायब्ररीच्या लेखी ध्वनी म्हणजे नमुन्यांची, अर्थात ठरावीक अंतराने मोजलेल्या ध्वनिपातळीच्या आकड्यांची, मालिका होय. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात प्रत्येक वाहिनीचे (डाव्या व उजव्या ध्वनिप्रवाहाचे) दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे सोळा द्विअंकी स्थानांत, साठवलेला −३२,७६८ ते ३२,७६७ या मर्यादेतील पूर्णांक असतो. मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणलेल्या वेव्ह स्वरूपात हे आकडे बहुधा जसेच्या तसे असतात. एमपी३ फाइलमध्ये ध्वनी आकुंचित करून साठवलेला असल्याने ती मात्र आधी उलगडावी लागते आणि पायडब ते काम एफएफएमपेग या स्वतंत्र प्रोग्रॅमवर सोपवते.

तुळजापूरच्या गोंधळाचे मुद्रण हाताळताना पूर्णांकांची ही मर्यादा लगेच जाणवते. संबळाच्या ठोक्याचा २०,००० मूल्याचा नमुना दुप्पट केला, तर ४०,००० हा आकडा १६ बिटांत मावत नाही. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतील पूर्णांक-मालिकेत तो गुपचूप −२५,५३६ होतो आणि ठोक्याच्या जागी कर्कश तडतड ऐकू येते. म्हणून आकडेमोड दशांश रूपात करून, पातळी तपासून, मगच पूर्णांकांकडे परतावे. लिब्रोसा मूल्ये दशांश रूपातच देते. परंतु वेगळे सांगितले नाही, तर ती सर्व वाहिन्या एकत्र करून नमुनादर २२,०५० वर आणते, आणि नमुनादराच्या निम्म्यापर्यंतच्याच कंप्रता टिकत असल्याने ११,०२५ हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी उरतच नाही. विश्लेषणाला हे पुरते, जतनाला नाही. जतनासाठी मूळ दर कायम ठेवणारी साउंडफाइल अधिक योग्य.

शांतता ओळखून फाइलचे आपोआप तुकडे करण्याची पायडबची सोय भाषणांना उपयोगी पडते. मराठवाड्यातील जात्यावरच्या ओव्यांना ती सहसा लागू पडत नाही, कारण दोन ओव्यांच्या मधेही जात्याची घरघर चालूच असते. तेथे ऐकून नोंदलेल्या वेळांनुसार मिलिसेकंदांच्या हिशेबाने कापणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो. कापलेला भाग पुन्हा एमपी३ मध्ये साठवल्यास दर वेळी थोडी गुणवत्ता घटते, त्यामुळे मधल्या प्रती वेव्ह स्वरूपात ठेवतात.

पायथनच्या ३.१३ या २०२४ मधील आवृत्तीतून ऑडिओऑप हे ध्वनिनमुन्यांवर प्रक्रिया करणारे अंगभूत मॉड्यूल वगळण्यात आले. पायडब त्यावर अवलंबून असल्याने नव्या आवृत्तीत ऑडिओऑपचा पर्याय वेगळा बसवावा लागतो.