कॅनडात आमदार व्हायला निम्मी मतं लागतातच असं नाही

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: ‘कॅनडात प्रांताच्या विधानसभेवर निवडून येणाऱ्याला मतदारसंघातली निम्म्याहून अधिक मतं मिळवावीच लागतात.’

तसा नियम नाही. आपल्या विधानसभेसारखंच तिथेही ज्याला सर्वाधिक मतं, तो विजयी. तीन-चार तगडे उमेदवार असले की चाळीस टक्क्यांच्या आतही जागा निघते. ऑन्टॅरिओ प्रांतात १९९० साली एका पक्षाने ३८ टक्क्यांहून कमी मतांत १३० पैकी ७४ जागा जिंकल्या! समज अगदीच निराधार नाही, कारण ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९५२ आणि १९५३ साली पसंतिक्रमाने मतदान झालं होतं, म्हणजे कुणालाच निम्म्याहून अधिक मतं नसली तर मतदारांच्या पुढच्या पसंती मोजल्या जात.

पडताळणी सोपी आहे. प्रांताच्या निवडणूक कार्यालयाचे मतदारसंघनिहाय निकाल संकेतस्थळावर असतात. विजेत्याची मतं भागिले एकूण वैध मतं, की टक्केवारी मिळाली.

एकाच नेत्याच्या अनेक निवडणुका ताडताना मात्र मतदारसंघाचं नाव तेच आहे म्हणून थांबू नका, सीमाही बघा. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑन्टॅरिओत १९९९ साली १३० मतदारसंघांचे १०३ झाले. तेव्हा मतं घटली-वाढली ती नेत्यामुळे की नकाशामुळे, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही.