डीव्हीडीवर टाकलेले फोटो शंभर वर्षं टिकतात का?

"फोटो डीव्हीडीवर राइट करून ठेवा, शंभर वर्षं चिंता नाही," हा सल्ला आजही फिरतो. तो चुकीचा आहे.

दोन वेगळ्या डिस्क एकच समजल्यामुळे हा गोंधळ होतो. विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या डिस्कमध्ये माहिती सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात प्लॅस्टिकवर साच्याने दाबलेली असते. आपण राइट करतो त्या डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसर त्यात खुणा उमटवतो. ऊन, उष्णता, दमटपणा यांनी हे रंगद्रव्य खराब होत जातं. शंभर वर्षांसारखे मोठमोठे आकडे येतात ते प्रयोगशाळेतल्या जलद चाचण्यांवरून, म्हणजे जास्त उष्णता आणि दमटपणात डिस्क लवकर खराब करून पाहिल्यावर. ते अंदाज आहेत, तुमच्या कपाटातल्या डिस्कची हमी नव्हे. शिवाय आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच नसतो.

पेनड्राइव्हही पर्याय नाही. वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिला, तर ज्या विद्युतभाराच्या रूपात त्यात माहिती साठवलेली असते, तो हळूहळू गळतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 नियम मला सर्वांत भरवशाचा वाटतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दोन प्रकार म्हणजे, उदाहरणार्थ, एक्सटर्नल हार्ड डिस्क आणि क्लाउड. पण नुसतं सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउडवरचे फोटो आपोआप सारखे ठेवणं, हा बॅकअप नव्हे, हे कृपया लक्षात घ्या. फोनवरून चुकून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो.

वर्षातून एकदा प्रत्येक प्रतीतले काही फोटो उघडून पाहा. हार्ड डिस्क जुनी झाली की ती बंद पडण्याची वाट न पाहता सगळं नव्या डिस्कवर उतरवा.