बेळगाव सीमाभागातील जुन्या नाण्यांचा अल्पखर्ची संग्रह

भांड्यांच्या मोडीत, आठवडी बाजारात किंवा सराफाच्या पेढीवर येणारी जुनी तांब्याची व हलक्या किमतीची चांदीची नाणी पारखून घेऊन, राजवटीनुसार लावून ठेवण्याचा छंद. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा पट्टा आणि बिदर-भालकीचा भाग त्यासाठी सोयीचा आहे. येथे एकाच टोपलीत चार-पाच राजवटींचा खुर्दा सापडतो, म्हणून थोड्या पैशांत बराच इतिहास हाताला लागतो.

हे मिश्रण प्रदेशाच्या इतिहासातून आले. १६८६ मध्ये विजापूरची आदिलशाही संपली आणि मोगल अमलात बेळगावला आझमनगर म्हणू लागले. पुढे मराठ्यांच्या काळातही ‘आझमनगर गोकाक’ असे टांकसाळीचे नाव असलेले रुपये मोगल बादशहाच्या नावाने पडत राहिले. टिपू सुलतानाच्या फौजा १७८५ मध्ये नरगुंद-कित्तूरपर्यंत आल्या होत्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला, तरी लागूनच असलेले शहापूर सांगली संस्थानाकडे राहिले. घाटाखाली गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते. बिदरकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते आणि त्याचा स्वतःचा रुपया, हाली सिक्का, चालत होता. तांब्याचा पैसा वजनावर चाले, त्यामुळे सरहद्द त्याला फारशी अडवत नसे. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार (इंग्रजी अमलातील रुपये), हा अदलाबदलीचा (वटावाचा) हिशेब बिदरकडच्या व्यापाऱ्याला तोंडपाठ असे.

कमी खर्चात संग्रह करायचा तर सुरुवात दुदांडी शिवराईपासून करावी. शिवराई हे मराठेशाहीचे तांब्याचे नाणे. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ दोन ओळींत असते. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेली ही नाणी पेशवाई संपल्यावरही वापरात होती. आरंभीच्या शिवराई नाण्यांचे वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम असते. ती महाग असतात आणि त्यांच्याच नकला जास्त होतात. उत्तरकाळातील दुदांडीवर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात. तिचे वजन कमी, बहुधा ८ ते १० ग्रॅम, आणि झिजलेली पण वाचता येणारी दुदांडी शे-तीनशे रुपयांत मिळते. ‘शिव’चे ‘सिव’, ऱ्हस्वाचे दीर्घ, ‘छ’ची वेगळी वळणे असे भेद इतके आहेत की केवळ दुदांडीच्या प्रकारांवर वर्षानुवर्षे काम करता येते. पंचवीस राजवटींचे एकेक नाणे जमवण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे, आणि अधिक शिकवणाराही.

खऱ्या शिवराईवर सगळी अक्षरे क्वचितच पूर्ण उमटतात. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, शिवाय ठोक हाताने दिलेला. त्यामुळे काठाशी अक्षरे तुटतात. दोन्ही बाजू मध्यभागी, सर्व बिंदू जागेवर आणि रंग सगळीकडे सारखा तपकिरी दिसला की थांबावे. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर असतात, भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात आणि काठावर साच्याचा जोड घासल्याची पट्टी आढळते. देव्हाऱ्यातल्या शिवराईची झीज मात्र खरीच असते. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासल्यामुळे तिची अक्षरे बसतात. तिला संग्रहमूल्य कमी, म्हणून ती विकायला काढू नये. घरच्या देवातच राहू द्यावी.

साधनांवर एकदाच सुमारे हजार रुपये खर्चावेत: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, दहापट भिंग, मोजपट्टी आणि लहान लोहचुंबक. चुंबकाला चिकटले की नाणे खोटे, हा समज चुकीचा आहे. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा असल्याने चिकटतोच. राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया मात्र चिकटता कामा नये. तो ११.६६ ग्रॅमचा, ३०.५ मिलिमीटर व्यासाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा असतो. वापरलेल्याचे वजन थोडे कमी भरते.

चांदीची शंका असेल तर पाण्याची कसोटी घ्यावी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून तळाला वा कडेला न टेकता पूर्ण बुडवावे. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. अस्सल रुपयात हा आकडा १.१३ च्या आसपास येतो, म्हणजे घनता सुमारे १०.३. जर्मन सिल्व्हरच्या (तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रधातूच्या) नकलेत तो १.३४ च्या घरात जातो. हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि खरे नाणेही खोटे ठरते, म्हणून नाणे बुडवल्यावर एकदा हलवून घ्यावे. १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या नाण्यांना हा १०.३ चा निकष लावू नये.

बोगारांकडे (भांड्यांच्या व्यापाऱ्यांकडे) मोडीबरोबर येणाऱ्या नाण्यांत ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा सर्वांत जास्त. त्याचे प्रमाण वजन ६.४८ ग्रॅम, अर्ध्या आण्याचे १२.९५. त्याआधीचा मुंबई इलाख्याचा तराजूछाप पाव आणा मिळाला तर घ्यावा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईतच होते. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असते. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ एवढीच पाच वर्षे पडला, त्यामुळे नवख्याला तो संच चटकन पुरा करता येतो. गोव्याची टांगा व पाव टांगा ही पोर्तुगीज नाणी आणि निजामाच्या पै अजून स्वस्त आहेत. निजामाच्या नाण्यावरील हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत: १३६२ म्हणजे १९४३. टिपूच्या हत्तीछाप पैशावर मौलूदी (टिपूने चालवलेल्या कालगणनेचे) वर्ष असेल तर अंक उजवीकडून डावीकडे वाचावेत; हे न कळल्याने अनेक नाणी चुकीच्या वर्षाखाली लावलेली दिसतात.

चांदीच्या रुपयाला कधी पूर्वी कडी डाखलेली असते. ती काढून काठ घासला तरी तिथे रंग वेगळा राहतो. माळेतले नाणे चांदीच्या भावानेच घ्यावे.

सर्वांत जास्त नुकसान सफाईने होते. चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पूड लावली की तांब्यावरचा गडद थर जातो आणि नाणे गुलाबी, बेजान पडते. तो थर परत येत नाही. माती असेल तर बॅटरीच्या शुद्ध पाण्यात आठवडाभर ठेवावे, पाणी रोज बदलावे, मऊ कापडाने टिपून सावलीत पूर्ण वाळवावे. घट्ट गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी, नखाने सुटणारी पूड मात्र क्षारांमुळे चालू असलेला गंज आहे. असे नाणे लगेच वेगळे करावे. खानापूरकडच्या पावसाळ्यात हा गंज दोन-तीन महिन्यांत नाणे खाऊन टाकतो. जून ते सप्टेंबर संग्रह घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. दाणे ओले झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतून चिकट हिरवा लेप धरतो, म्हणून पुठ्ठ्याच्या दोन इंची चौकटी बऱ्या.

कंपनीचा ‘१८१८ चा अर्धा आणा’ म्हणून राम-दरबार किंवा हनुमानाचा तांब्याचा बिल्ला जत्रांत विकला जातो. कंपनीने असे नाणे पाडलेच नव्हते. तांदूळ स्वतःकडे ओढते असे सांगून विकले जाणारे नाणे ही तर उघड फसवणूक. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो देतो म्हणणारा ‘नोंदणी शुल्क’ मागतो आणि नाहीसा होतो. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

शेतात किंवा पाया खणताना सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेला ठेवा) कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. बेळगावलगत वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकालीन वसाहत उत्खननात सापडली आहे, त्यामुळे या परिसरात हा प्रश्न कधीही उद्भवू शकतो. शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. मातीत मिळालेली नाणी विकत घेऊ नयेत आणि सापडल्यास न धुता, भांड्यासकट, जशी असतील तशी ठेवावीत. ती कोणत्या थरात आणि कशाबरोबर होती यावरूनच अभ्यासकाला काळ ठरवता येतो.