हेंडरसन, रिकी

हेंडरसन, रिकी : (२५ डिसेंबर १९५८ – २० डिसेंबर २०२४). ख्यातनाम अमेरिकन बेसबॉलपटू. बेस चोरण्यात (पिचर म्हणजे गोलंदाज चेंडू टाकत असताना, फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस म्हणजे थांबा गाठण्यात) मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या) इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून तो ओळखला जातो. जन्म शिकागोत; जडणघडण मात्र कॅलिफोर्नियातील ऑकलंडची. तेथील ॲथलेटिक्स संघाने १९७६ मध्ये त्याची निवड केली आणि २४ जून १९७९ रोजी त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले. चेंडू डाव्या हाताने फेकणारा, पण फलंदाजी उजव्या हाताने करणारा असा हा विरळा खेळाडू.

१९८० मध्ये बिली मार्टिन संघाचा व्यवस्थापक झाला आणि हेंडरसनला धावण्याची मोकळीक मिळाली. त्या वर्षी त्याने १०० बेस चोरून टाय कॉबचा अमेरिकन लीगमधील (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) ९६ चा विक्रम (१९१५) मागे टाकला. १९८२ मध्ये १३० बेस चोरून त्याने लू ब्रॉकचा एका हंगामातील ११८ चा विक्रम (१९७४) मोडला. त्याच हंगामात तो ४२ वेळा चोरीच्या प्रयत्नात बादही झाला. १ मे १९९१ रोजी ब्रॉकच्या उपस्थितीत त्याने ९३९ वा बेस चोरला आणि कारकिर्दीतील एकूण चोऱ्यांचा विक्रम केला.

हा विक्रम नेमका कोणाचा मोडला, याविषयी मतभेद आहेत. बिली हॅमिल्टन (कारकीर्द १८८८–१९०१) याच्या नावे जुन्या नोंदींत ९३७ बेस होते आणि १९७९ मध्ये ब्रॉकनेही हाच आकडा ओलांडल्याचे मानले गेले. पुढे नोंदी तपासल्यावर हॅमिल्टनचा आकडा ९१४ किंवा ९१२ असा खाली आला. तफावतीचे मूळ नियमांत आहे. १८९८ पूर्वी सहकाऱ्याच्या फटक्यावर धावपटूने एक बेस जादा गाठला, तरी ती चोरी धरली जाई. ह्यू निकल या खेळाडूच्या १८८७ च्या हंगामातील १३८ चोऱ्याही याच पद्धतीच्या. बचाव करणाऱ्या संघाने अडवण्याचा प्रयत्नच केला नाही, तर चोरी धरू नये, हा नियम १९२० चा. त्यामुळे हॅमिल्टनचे आकडे तुलनेसाठी वापरू नयेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जपानी लीगमधील युताका फुकुमोतोचे १,०६५ बेस हा निराळा मुद्दा. तोही आकडा हेंडरसनने १९९३ मध्ये पार केला. त्याची अखेरची संख्या १,४०६ आहे. कोणतीही मोजणी धरली तरी अमेरिकेत त्याच्या जवळपास कोणी नाही.

केवळ वेगाने हे साधले नसते. तो अतिशय वाकून उभा राहत असल्याने पिचरला चेंडू टाकायला वैध क्षेत्र फार थोडे उरे आणि त्या क्षेत्राबाहेरच्या चार चेंडूंवर त्याला फुकट बेस मिळत (कारकिर्दीत २,१९०). पहिल्या बेसवर तो आला की दुसरा जवळजवळ त्याचाच असे. पुढे डोके करून घसरत बेस गाठण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. पहिल्या क्रमांकावर येऊन सामन्याची सुरुवात होमरनने (फलंदाजाला सर्व बेस पार करून धाव मिळवून देणाऱ्या फटक्याने) करण्याचे ८१ प्रसंग आणि एकूण २,२९५ धावा हे दोन्ही विक्रम आहेत. धावांचा विक्रम चोऱ्यांपेक्षा मोठा मानावा, कारण सामने धावांवरच जिंकले जातात.

मेजर लीगची अंतिम स्पर्धा असलेली वर्ल्ड सीरीज जिंकणाऱ्या १९८९ (ऑकलंड) व १९९३ (टोरोंटो) च्या संघांत तो होता. १९९० मध्ये अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. एकूण नऊ संघांकडून खेळून सप्टेंबर २००३ मध्ये तो मेजर लीगचा शेवटचा सामना खेळला. नंतर काही काळ स्वतंत्र लीगमध्येही खेळला. २००९ मध्ये ९४.८ टक्के मतांनी त्याची हॉल ऑफ फेममध्ये (थोर बेसबॉलपटूंच्या सन्मानदालनात) निवड झाली. १९८७ नंतर मेजर लीगमध्ये एका हंगामात शंभर बेस कोणीही चोरलेले नाहीत. २०२३ मध्ये बेसचा आकार वाढवून दोन बेसमधील अंतर कमी केले, तरीही त्या वर्षी रोनाल्ड अकुन्या ज्युनियर हा खेळाडू ७३ वर थांबला.