बाळाला पहिल्या तीन दिवसांत झालेलं सेप्सिस म्हणजे 'आईकडूनच आलेलं' असं नव्हे!

मी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) सिस्टर आहे, काचेबाहेरची कुजबुज रोज कानावर येते. बाळाच्या रक्तात इन्फेक्शन, म्हणजे सेप्सिस, निघालं की आजीचा पहिला प्रश्न, "कितव्या दिवशी?" दुसऱ्या दिवशी म्हटलं की सगळ्यांच्या नजरा सुनेवर. डोकंच फिरतं माझं.

जन्मानंतर 72 तास उलटल्यावर होतं ते उशिराचं सेप्सिस. त्याची कारणं तुम्हाला माहितीयेत, न धुतलेले हात, सलाईन आणि व्हेंटिलेटरच्या नळ्या, वरचं दूध, नाळेला लावलेलं हळद-तेल, त्यात बाळ कमी वजनाचं असेल तर आणखीच. झालं.

72 तासांच्या आतलं ते लवकरचं. रिस्क फॅक्टर आईच्या पेपरवर लिहिलेले असतात: पाणमोट फुटून 18 तास उलटले, कळा चालू असताना ताप, वास मारणारं पाणी, 37 आठवड्यांआधी डिलिव्हरी. यादी खरीच आहे, पण 72 तास हे नुसतं घड्याळ आहे, जंतू कुठनं आला ते त्यावरून कळत नाही. नेटवर परदेशी माहिती वाचून लोक ग्रुप बी स्ट्रेप नावाचा जंतू घेऊन बसतात, तो खरंच आईच्या अंगात असतो. पण दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांत 2011 ते 2014 मध्ये तिथेच जन्मलेली 13 हजारांवर बाळं अभ्यासली, तर सेप्सिसच्या जवळपास दोन तृतीयांश केसेस पहिल्या 72 तासांतल्याच, आणि त्यांत सगळ्यात पुढे असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला, उशिराच्या सेप्सिसमध्ये पण हेच दोघे! हे तर वॉर्डात ठाण मांडून बसणारे जंतू. म्हणजे लेबर रूममधली सक्शनची नळी, अंबू बॅग (बाळाला श्वास द्यायचा फुगा), घाईत न धुतलेला हात, हेही बघायला नको का?

आणि त्याच यादीतली एक ओळ कोणी वाचतच नाही: अस्वच्छ हाताने एकदा जरी आतून तपासलं, किंवा नीट ग्लोव्हज घालून पण तीनपेक्षा जास्त वेळा तपासलं, तरी रिस्क. लिहिलेलं आईच्या पेपरवर, हात मात्र आमचे.

बाकी लक्षणं दोन्हींत सारखीच. ताप येईलच असं नाही, उलट बाळ गार पडतं, दूध ओढत नाही, मलूल होतं, त्यामुळे थर्मामीटर बघत बसू नका, लगेच दाखवा.

हल्ली आजींनी विचारलं की मी उलटं विचारते, "आतून तपासायला किती जण आले होते हो?" मग सून बोटं मोजायला लागते.