शिधा, पंगत आणि पाठ टेकायला जागा : मराठवाड्यातील मोफत अन्न व बेघर निवाऱ्यामागचा इतिहास

मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या शहरात उपाशी माणसाला जेवण कुठे मिळेल असे विचारले, तर बहुतेकांना दोन-चार ठिकाणे चटकन सांगता येतात. तोच माणूस रात्री कुठे झोपेल असे विचारले, तर सांगणारा अडखळतो. हा फरक आजचा नाही. इथे अन्न देण्याची रीत घडली ती वाटसरूसाठी आणि दुष्काळात सापडलेल्यासाठी, म्हणजे आज ना उद्या आपल्या घरी परत जाणाऱ्या माणसासाठी. ज्याला परतायला घरच उरलेले नाही आणि जो वर्षानुवर्षे एकाच शहरात उघड्यावर राहतो, तो या रीतीत कुठेच धरलेला नव्हता.

जुना शब्द सदावर्त. पैठण, वेरूळ, औंढा नागनाथ, परळी, तुळजापूर अशी तीर्थे आणि पंढरीकडे जाणाऱ्या दिंड्यांच्या वाटा या प्रदेशात दाट आहेत, आणि देवस्थाने, सावकार, संस्थानिक यांनी त्या वाटांवर धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते लावली. सदावर्तात बहुधा शिजवलेले अन्न मिळत नसे, शिधा मिळत असे : पीठ, डाळ, मीठ, क्वचित तूप. यात्रेकरूने तीन दगड मांडावेत, काटक्या गोळा कराव्यात आणि स्वतः रांधून खावे, अशी ती व्यवस्था होती, आणि त्यामागे दुसऱ्याच्या हातचे न खाण्याची जातीची बंधनेही होती. संत एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वाढले, ही पैठणची कथा लोकांच्या मनात इतकी खोल रुतून राहिली, ती नेमकी या बंधनांमुळे.

शिजवलेल्या अन्नाची परंपरा वेगळ्या अंगाने आली. चौदाव्या शतकात हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले. त्यांची कबर खुलताबादला आहे. त्यांच्या चिश्ती सूफी परंपरेच्या खानकाहांमध्ये, म्हणजे मठांमध्ये, येईल त्याला लंगरचे, म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरातले, अन्न देण्याचा प्रघात होता. आज पर्यटक जिथे फोटो काढतात ती छत्रपती संभाजीनगरची पाणचक्कीसुद्धा मुळात अन्नाचीच सोय होती : डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळांतून आणून जाते फिरवायचे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातले फकीर व यात्रेकरू यांच्यासाठी पीठ दळायचे.

पण या सगळ्यांत आजतागायत अखंड आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर चाललेली पंगत नांदेडची. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी गोदाकाठी नांदेडला होते. तिथेच त्यांनी गुरू ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली आणि तिथेच ते ज्योतीत विलीन झाले. महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, तख्त सचखंड श्री हजूर साहिब या तिथल्या गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू उभी राहिली. लंगरमध्ये जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवर सगळे एका रांगेत बसतात. पोळी ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात जोडून पुढे करायचे आणि सेवेकरी वरून ती हातावर ठेवतो. कुठून आलात, कोणत्या धर्माचे, कार्ड आहे का, असे कोणी विचारत नाही. माझ्या मते बेघर माणसासाठी लंगरचे मोल पोट भरण्याइतकेच या न विचारण्यात आहे, कारण दिवसभर प्रत्येक दारात त्याला आधी आपण कोण हेच सांगावे लागते. तरीही लंगरच्या जोडीला ज्या यात्री निवासांची सोय झाली, विशेषतः २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या आगेमागे, ती नावाप्रमाणेच यात्रेकरूंसाठी आहे आणि त्यात वावगे काही नाही. शहरात कायम उघड्यावर राहणाऱ्याची रात्र ही धर्मसंस्थेची नव्हे, नगरसंस्थेची जबाबदारी आहे.

दुसरा धागा दुष्काळाचा. १९७२ चा दुष्काळ अनुभवलेली पिढी अजूनही सुकडी हे पौष्टिक कोरडे खाद्य आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी यांची आठवण काढते. खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीवर, रस्त्याच्या कामावर गेलेल्यांना मजुरी मिळे आणि कामावरच सुकडी वाटली जाई. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला, जो १९७९ पासून अमलात आला आणि पुढे देशाला उदाहरण ठरला. या कामगिरीचा अभिमान बाळगायलाच हवा. मात्र ती सगळी मांडणी गावात थांबणाऱ्यासाठी होती. जे गाव सोडून शहरात आले आणि पुलाखाली, फलाटावर, मोंढ्याच्या शेडखाली स्थिरावले, त्यांना हमी लागू होत नव्हती, कारण हमी ग्रामीण भागापुरती होती.

शहरात त्यांची गाठ पडली ती वेगळ्याच कायद्याशी. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागणे हा गुन्हा ठरवलाच, शिवाय उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही त्याच व्याख्येत ओढला. म्हणजे बेघर माणसाची सरकारदरबारी पहिली नोंद झाली ती पकडून न्यायचा माणूस म्हणून. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्याची प्रमुख कलमे रद्द केली. महाराष्ट्रात तो कायम राहिला.

दृष्टी बदलायला सर्वोच्च न्यायालयातले अन्न अधिकाराचे प्रकरण कारणीभूत ठरले. २००१ मध्ये दाखल झालेल्या या याचिकेमुळे शाळांत शिजवलेला पोषण आहार आला, आणि २००९-१० च्या थंडीत दिल्लीतला एक निवारा पाडल्यानंतर त्याच प्रकरणात न्यायालयाने मोठ्या शहरांना लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा असा निवारा उभारायला सांगितले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच सूत्र आले : एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि निवारा शक्यतो रेल्वे स्थानक, बस स्थानक, बाजार यांच्याजवळ. २०११ च्या जनगणनेनुसार हिशेब केला तर छत्रपती संभाजीनगरात अकराशेहून अधिक, नांदेडात साडेपाचशे, तर लातुरात जवळपास चारशे जणांची जागा असायला हवी. त्याच जनगणनेने २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी केली आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक माणसे नोंदवली. एका रात्रीत ज्याला गाठता आले तोच मोजला गेला, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचावा.

अन्नाच्या बाजूने याच काळात एक संधी हुकली, आणि तिची चर्चा फार कमी होते. २०११ मध्ये संसदेत मांडलेल्या अन्न सुरक्षा विधेयकात निराधारांना रोज एक मोफत जेवण आणि बेघरांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे अशी तरतूद होती. २०१३ च्या कायद्यात ती उरली नाही. उरले ते धान्य. दरमहा माणशी पाच किलो धान्य, जे आता मोफत मिळते, घर असलेल्याला मोठाच आधार आहे. पण ज्याच्याकडे चूल, भांडे, पाणी आणि ते धान्य ठेवायला कुलूपबंद कोपरा नाही, त्याने ते कुठे शिजवावे? सदावर्ताच्या शिध्याचा जुना प्रश्न इथे जसाच्या तसा पुन्हा उभा राहतो.

राज्य सरकारने शिजवलेल्या अन्नाचे प्रयोग केले नाहीत असे नाही. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, पण अनुदान थांबताच ती केंद्रे मावळली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि भाताची एक मूद. टाळेबंदीत ती पाच रुपयांना आणि २०२१ मध्ये काही महिने मोफत मिळाली. ही थाळी दुपारची. रात्रीचे जेवण तिच्या कक्षेत नाही.

त्याच टाळेबंदीत, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवरच थकून झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांमध्ये विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले. जेवण त्यांच्याजवळ होते. रात्रभर पडून राहायला सुरक्षित जागा नव्हती.

आजही छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात खेड्यांतून आलेले नातेवाईक पोत्यावर नाहीतर चादरीवर रात्र काढतात. सेवाभावी मंडळींच्या अन्नवाटपातली पोळी धडप्यात बांधून उशाला ठेवायची, म्हणजे सकाळची सोय झाली. हे नातेवाईक रुग्ण बरा झाला की गावी जातील. त्यांच्या शेजारी झोपलेल्यांतले काही जण मात्र जाणार नाहीत, आणि निवारे आहेत ते त्यांच्यासाठी. महापालिकेचा नागरी उपजीविका विभाग हे निवारे चालवण्यासाठी स्थानिक संस्थांना देतो, आणि नेमका पत्ता तिथेच विचारता येतो. पण ते कार्यालय संध्याकाळी बंद होते, तेव्हा तो पत्ता निदान बस स्थानकाच्या चौकशी खिडकीवर, फलाटावर आणि अपघात विभागाच्या दारावर मराठीत, ठळक अक्षरांत रंगवलेला असायला हवा.